चांगली झालीया, पन

मारुतरावांच्या तोंडी एक शब्द होता. ‘पन’. दोन अक्षरं, ना काना ना मात्रा. पण त्या दोन अक्षरांनी त्यांच्या बायकोचे, सोजराबाईचे, नऊ पाडवे नासवले होते.

व्हायचं काय, की गुढीपाडव्याला वरवंडच्या त्यांच्या घरात पंगत बसायची. भावकी, मित्रमंडळी, विकास सोसायटीतले लोक, सगळे धरून तीस-चाळीस पान. सोजराबाई पहाटेपासून चुलीपुढं. तिच्या पोळ्या अशा पातळ की खालच्या ताटाची नक्षी दिसावी. लोक पोटभर जेवायचे, वाहवा करायचे. मग मारुतराव आमटीचा पहिला भुरका मारायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघत म्हणायचे, “चांगली झालीया. पन…”

बस्स. पुढं काही नाही. नऊ वर्षांत ते वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही, आणि करायची गरज तरी काय होती? फोटोतल्या तानुबाई हारामागनं बघत असायच्या. भावकीतली म्हातारी विठाबाई लगेच री ओढायची, “तानुबाईची आमटी म्हंजी काय इचारू नगा!” की झालं. सोजराबाई मग स्वतःचं ताट न वाढताच भांडी घासायला बसायची.

बरं, बाईनं करायचं काय बाकी ठेवलं होतं? खोबरं कमी भाजून पाहिलं, काळं होईस्तोवर भाजून पाहिलं. दगडफूल घातलं, दगडफूल काढलं. घरात गॅस आला तरी पाडव्याची आमटी चुलीवरच ठेवली. सासूचं पितळी पातेलं कल्हई करून आणलं. एका वर्षी तर तानुबाई ज्या विहिरीचं पाणी भरायच्या तिथनं हंडा डोक्यावर आणला, तेव्हा आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण ‘पन’ काही जागचा हलला नाही.

आता मेलेल्या सासूचा मत्सर माणूस एक वेळ गिळतो. सासूच ती. पोटात खरी आग पडली ती त्या साली होळीला.

मारुतरावांचा शाळेपासूनचा दोस्त अमजद. बाजारपेठेत त्याची पिठाची गिरणी, आणि शेजारीच मिरची-मसाला कांडायचं मशीन. होळीच्या दुसऱ्या दिवशी मारुतराव दळण आणायला गेले ते तिथंच जेवून आले. अमजदची बायको मेहरुन हिनं पुरण घातलं होतं. गल्लीत घरोघरी पोळ्या होतात, पोरं मागतात, म्हणून तीही दर होळीला करायची. मारुतरावांनी दळणाचा डबा ओसरीवर ठेवला, पटक्यानं घाम पुसला आणि म्हणाले,

“काय आमटी केली होती भाभींनी! अगदी आईच्या हातची.”

सोजराबाई वाट बघत राहिली. आता येईल ‘पन’. आत्ता येईल. तो आलाच नाही. मारुतराव ढेकर देऊन उशीला टेकले.

“औंदा सोसायटीची समदी माणसं यायची हायती पाडव्याला. आमटी भाभींच्या हातची होऊ दे,” ते म्हणाले. “म्या सांगून आलोय त्येस्नी.”

सांगून आलोय! विचारलं नाही, घरातल्या बाईला काय वाटंल हा विचार नाही, सरळ सांगून मोकळे.

“आन् म्या काय करू? पत्रावळ्या मांडू?”

“तू पोळ्या कर की. पोळ्या तुझ्याच,” मारुतराव म्हणाले, आणि वर असं हसले की जणू बाईला पैठणीच दिली.

त्या दिवसापासून सोजराबाईला ना जेवण गोड लागलं ना पाणी. कोण ही मेहरुन? वयानं आपल्याहून चार वर्षांनी मोठी, रंगानं सावळी, उंचीनं बेताची. तिच्या हातात असं काय हाय, जे माझ्या हातात न्हाई? आणि ‘आईच्या हातची’ ती तिच्याकडं कुठनं आली? उत्तर एकच होतं, आणि ते सोजराबाईला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर जास्त जळत होतं. सासूनंच शिकवली असणार. तानुबाई दर उन्हाळ्यात धने, खोबरं, मिरच्या पिशवीत बांधून गिरणीवर जायच्या आणि अख्खा दिवस तिथं काढून मसाला घेऊनच परत यायच्या. सुनेला कधी बरोबर नेलं नाही. “तू घर बघ,” म्हणायच्या. सोजराबाई मांडवगण फराट्यासारख्या मोठ्या गावातनं आलेली, हुंडा-पांडा रीतसर घेऊन आलेली सून. ती इथं घर बघत बसली आणि सगळं गुपित गेलं परक्या घरात! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पाडवा उजाडला. लेकीची, सायलीची, दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, तिनं अंगण सारवून रांगोळी काढली. मारुतराव गुढीच्या काठीला तेल लावत होते. सोजराबाईनं डाळ शिजवून चाळणीवर निथळली. डाळीच्या वरचं ते पिवळसर दाट पाणी, येळवणी, पितळी पातेल्यात धरलं. आमटीचा सगळा जीव त्या पाण्यात असतो. दर वर्षी ते पातेलं ती स्वतःच्या उजव्या हाताशी ठेवायची. औंदा चुलीच्या पलीकडं ठेवलं. दुसऱ्या बाईसाठी.

आठच्या सुमाराला अमजदच्या लुनावर मागं बसून मेहरुन आली. हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा छोटा डबा.

“वैनी, पाडव्याच्या शुभेच्छा,” ती हसून म्हणाली. “काय काय झालं? पुरण वाटायचंय का अजून?”

“झालंय समदं. तुमच्यापुरतं ठेवलंय,” सोजराबाई म्हणाली.

मेहरुननं टोमणा ऐकला की नाही कोण जाणे. पदर खोचून ती आत आली आणि न विचारता कोनाड्यातला खलबत्ता काढला. “मावशी इथंच ठेवायच्या, न्हाई का?” म्हणाली. सोजराबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या घरातला खलबत्ता कुठं असतो हे हिला ठाऊक! उद्या म्हणेल पोरीच्या जन्माची वेळ सांगते.

मग तिनं डबा उघडला. आणि त्या वासानं सोजराबाईचे हात पिठातच थांबले. तोच वास. लग्न होऊन आल्यावर पहिल्या पाडव्याला जो सासूच्या पातेल्यातनं आला होता तो, काळाभोर, खमंग. नऊ वर्षं जो हुडकला तो वास या बाईच्या वीतभर डब्यात बसला होता.

तेवढ्यात मारुतराव दारात डोकावले.

“भाभी, काय लागतंय का? लाकडं वाळकी हायती ना? धूर झाला तर सांगा, मधल्या दाराची फळी काढतो.”

लाकडं वाळकी हायती ना! वीस वर्षांत हा माणूस स्वयंपाकघरात कधी डोकावला नव्हता. सोजराबाईनं ओली बाभळ फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले, तेव्हा हे ओसरीवर पेपर वाचत होते. आज फळी काढायला निघाले!

“काय नगं दादा,” मेहरुन म्हणाली.

“मग गुढी उभारतोय, बघायला या तरी दोघीबी.”

मेहरुन हात पुसत बाहेर गेली. सायली केव्हाच अंगणात होती. सोजराबाई एकटी राहिली. बाहेरनं अमजदचा आवाज आला, “मारुत्या, जरा डावीकडं घे, वाकडी दिसतीया!” सगळे हसले. त्या हसण्यात मेहरुनचंही हसू होतं.

सोजराबाईनं पातेल्याकडं पाहिलं. मग ती उठली, पातेलं दोन्ही हातांनी उचललं, मागच्या दारानं गोठ्यात गेली, आणि अख्खी येळवणी म्हशीच्या पेंडीच्या घमेल्यात ओतली. म्हशीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि तोंड खुपसलं. गरम होती तरी सोडली नाही.

करताना तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. कर म्हणावं आता आमटी, पाण्याची कर.

मेहरुन परत आली. पातेलं उचललं. रिकामं.

“वैनी, येळवणी?”

“अगं बया!” सोजराबाईनं कपाळावर हात मारला. “म्या म्हशीच्या पेंडीत घातली की! ध्यानातच राह्यलं न्हाई बगा.”

हे बोलता बोलताच तिला कळलं की हे कुणालाही खरं वाटणार नाही. पाडव्याच्या दिवशी येळवणी म्हशीला घालणारी बाई दौंड तालुक्यात अजून जन्मायची होती. मेहरुननं मागच्या दारातनं गोठ्याकडं पाहिलं. म्हैस जिभेनं नाकपुड्या चाटत होती. मग मेहरुननं सोजराबाईकडं पाहिलं. 

“काय झालं?” मारुतराव पुन्हा दारात. आज त्यांचे पाय दारातनं हलतच नव्हते. “रिकामं पातेलं घेऊन का उभ्या?”



“दादा, माझ्या हातनं सांडली येळवणी,” मेहरुन म्हणाली. “चिमटा निसटला.”

सोजराबाईला वाटलं आता मारुतराव भडकणार. मागं एकदा तिच्या हातनं दुधाचं पातेलं लवंडलं होतं, तर मारुतराव आठवडाभर घुमे होते.

“असू द्या, असू द्या भाभी! भाजलं न्हाई ना कुठं?” मारुतराव म्हणाले. “सणाला सांडलं म्हंजी भरभराट व्हती.”

आणि हसत निघून गेले.

घ्या! म्हणजे हिनं सांडली तर भरभराट, आन् म्या सांडली तर घुमेपणा. न केलेल्या चुकीचीही हिला माफी मिळती, फुकट, हसून. सोजराबाईला आता मेहरुनचा राग यावा की स्वतःची लाज, हेच समजंना. दोन्ही एकदम आलं, आणि डोळ्यांतनं टपाटपा पाणी गळायला लागलं.

मेहरुननं मधलं दार लोटलं. पुरणाच्या परातीतनं दोन मुठी पुरण घेतलं, गरम पाण्यात कालवलं आणि चुलीवर ठेवलं. “निभावून नेऊ,” ती म्हणाली. “तुम्ही रडू नका. पोळीत मीठ जाईल.”

“म्या काय पाप केलं होतं?” सोजराबाईचा बांध फुटला. “सांगा ना. अकरा वर्सं त्या बाईचं केलं. दम्यानं रात-रात बसायच्या, पाठ चोळली. आन् मसाला शिकवला तुम्हास्नी! घरची सून सोडून!”

मेहरुन पळी हातात धरून तिच्याकडं बघत राहिली.

“मला शिकवला?” ती म्हणाली. “वैनी, मावशींना मसाला भाजता कुठं येत होता? दमा होता त्येस्नी. मिरचीचा धूर नाकात गेला की जीव घाबरायचा. त्या सामान घेऊन यायच्या आन् आमच्या ओट्यावर लांब बसायच्या, तोंडाला पदर लावून. भाजायची म्या. प्रमाण माझ्या आईचं. दौंडचं.”

सोजराबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“मला शपथ घातली होती. म्हणायच्या, माझ्या मारुतीला वाटतंय आईच्या हातची चव हाय. वाटू दे. सुनेलाबी सांगू नगं, तिच्यापुढं माझं काय राहील? म्हणून तुम्हाला नेत नव्हत्या.” मेहरुननं आमटीत मसाला सोडला, वास घरभर झाला. “त्या गेल्यावर म्या डबा पाठवला होता की तुमच्याकडं. आठवतंय का? अमजद घेऊन आले होते.”

आठवत होतं. चांगलं आठवत होतं. ‘आमाला लोकांच्या घरचा मसाला लागत न्हाई, माझ्या माहेरचा येतो मांडवगणातनं,’ असं म्हणून सोजराबाईनं तो डबा दारातनंच परत केला होता. झाकणही उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर नऊ वर्षांचा ‘पन’ जन्मालाच आला नसता.

ती पाटावर बसली ती बसलीच. म्हणजे सासूशी लढाई नव्हतीच. फोटोतली बाई नुसती हार घालून बसलेली, आणि चव या सावळ्या, बुटक्या बाईची. मत्सर गेला म्हणता? छे. उलट आणखी वाढला. पण आता त्याच्या जोडीला हातात हत्यार आलं होतं. पंगतीत, चाळीस माणसांत, नुसतं एक वाक्य. अवो, ती चव तुमच्या आईची नव्हतीच. बघू या मग कुणाचा ‘पन’ कुठं जातो ते.

साडेबाराला पंगत बसली. पोळ्या, तूप, गुळवणी, भात, भजी, कुरडया. सायली पोळ्या वाढत होती, सोजराबाई तुपाची वाटी घेऊन फिरत होती, आणि आमटीचं पातेलं मेहरुनच्या हातात होतं. मारुतरावांनी वाटी उचलली. पंगत गप्प झाली, कारण गेले पंधरा दिवस त्यांनी गावभर सांगितलं होतं की औंदा आईची आमटी हाय. भुरका मारला. डोळे मिटले. भिंतीकडं पाहिलं.

“चांगली झालीया भाभी,” ते म्हणाले. “पन…”

सोजराबाईच्या पोटात आनंदाची उकळी फुटली. खरंच फुटली, खोटं कशाला बोला. आला! हिच्याही वाट्याला आला!

तिनं मेहरुनचं तोंड बघायला मान वळवली. मेहरुन पळी वाकवून तशीच उभी होती. ओठांवर हसू होतं, पण ते खाली उतरायचं विसरल्यासारखं तिथंच अडकलं होतं. नजर पातेल्यात. ते तोंड सोजराबाईनं ओळखलं. नऊ वर्षं दर पाडव्याला तिचं स्वतःचं तोंड असंच होत असणार, फक्त तिला ते कधी दिसलं नव्हतं.

“त्या दिवशी गिरणीवर होती तशी न्हाई,” विठाबाईकडं वळून मारुतराव म्हणाले. “कायतरी कमी हाय.”

“तानुबाईची आमटी म्हंजी…” विठाबाईनं री ओढली.

“काय कमी हाय?” सोजराबाई एवढ्या जोरात बोलली की सायलीच्या हातातली पोळी ताटाबाहेर पडली. “पन काय? अवो, पन काय? येळवणी कमी हाय! त्यांनी सांडली न्हाई. म्या म्हशीला घातली. चुकून न्हाई, मुद्दाम! जळून घातली!”

 मारुतरावांचा घास हातातच राहिला.

“आन् आईच्या हातची, आईच्या हातची म्हणताय ना, ती…”

मेहरुननं मान हलवली. अगदी थोडी, इकडून तिकडं. मारुतरावांची नजर एव्हाना फोटोवर गेली होती, आणि पन्नाशीच्या त्या बाप्याचं तोंड शाळेतल्या पोरासारखं दिसत होतं. सोजराबाईच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथंच थांबलं. गिळताना कढत तूप गिळावं तसं पोळलं.

“ती आमटी येळवणीशिवाय व्हत न्हाई,” ती म्हणाली. “एवढंच.”

विठाबाई फसकन हसली. “म्हंजी आज पहिली पंगत म्हशीची झाली म्हणा की!”

मग सगळी पंगत हसली. अमजद तर ठसका लागेस्तोवर हसला. मारुतराव हसले नाहीत. ते बायकोकडं बघत होते, बऱ्याच वर्षांनी, नीट. मग त्यांनी वाटी पुढं केली.

“वाढ,” ते म्हणाले. 

चार वाजता अमजदनं लुना सुरू केली. मेहरुननं पिशवी उचलली, आणि मसाल्याचा डबा चुलीजवळच राहू दिला. सोजराबाईनं तिच्या पदरात पोळ्या बांधून दिल्या. दोघी उंबऱ्यात उभ्या राहिल्या.  गुढीवरचा तांब्या उन्हात चमकत होता.

“डबा ऱ्हाऊ दे,” शेवटी सोजराबाई म्हणाली. “औंदा परत न्हाई पाठवायची. पन…”

मेहरुननं मान वर केली. “पन काय, वैनी?”

“पन औंदाचा मसाला भाजायला म्या येणार. तुम्ही लांब ओट्यावर बसायचं, तोंडाला पदर लावून. आन् म्या भाजायचा.”